एक मिलिमीटरची लाट

"गुरुत्वाकर्षण काही घडवत नाही गं. ते पाडतं. घडतं ते त्याला अडवल्यामुळे."

मामांनी हे अगदी सावकाश सांगितलं आणि ओळंब्याच्या दोरीला बोट लावलं. गच्चीच्या कठड्याला ठोकलेल्या खिळ्यावरून तो ओळंबा कायम लोंबकळत असतो. पितळेचा, गाजराच्या आकाराचा, वापरून वापरून टोक बोथट झालेला. पाटबंधारे खात्यातून मामा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या हाताखालच्या मिस्त्रींनी स्वतःच्या पिशवीतून काढून दिला होता. निरोपसमारंभात मिळालेली शाल कपाटात आहे. ओळंबा मात्र गच्चीवर, रोज हात लागेल असा.

कार्तिकातली रात्र होती. नारायणगावच्या पुढे मामांचं घर. वीज गेली होती आणि दिवसा गच्चीवरून दिसणाऱ्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या अंधारात बुडाल्या होत्या. मी पुण्यात कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. या सहामाहीत विश्वरचनाशास्त्राचा पेपर माझ्याकडे आहे, त्यामुळे डोक्यात सारखं तेच. मामांना मी देवयानी दीर्घिका दाखवायचा प्रयत्न करत होते. भाद्रपदांचा चौकोन त्यांना दिसला, त्याच्या कोपऱ्यातून निघालेली ताऱ्यांची ओळही दिसली, पण दीर्घिकेचा तो पुसट ठिपका काही सापडेना. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे. त्यांनी नाद सोडला आणि विचारलं, "हे सगळं जमलं कसं एका जागी?" मी म्हटलं, गुरुत्वाकर्षणानं घडवलं. तिथून ठिणगी पडली.

"तीस वर्षं मी त्याच्याशी झुंजलोय," मामा म्हणाले. "दगड खाली येतो, दरड खाली येते, पाणी खाली जातं. कुणी अडवलं नाही तर सगळं शेवटी एका ढिगात जाऊन पडणार. त्याला घडवणं कसं म्हणतेस?"

"मामा, तुमचं दगडी धरण कशानं उभं असतं?"

"वजनानं. ग्रॅव्हिटी डॅमच म्हणतात त्याला. पाणी पुढून ढकलतं, धरणाचं वजन त्याला पायाशी दाबून धरतं. म्हणून तर तळ रुंद आणि माथा अरुंद."

"मग गुरुत्वानंच उभं आहे की!"

"नाही." त्यांनी मान हलवली. "तेवढ्याच वजनाचा चिखल आणून रच. राहील उभा? पसरेल. वजन दोन्हीकडे सारखं आहे. दगड दबायला तयार नसतो म्हणून धरण होतं. गुरुत्व ओढतं आणि दगड नाही म्हणतो. आपण जे बांधकाम म्हणतो ते त्या नाही म्हणण्यात असतं."

मी गप्प बसले, कारण हे उत्तर मला आवडलं होतं. वर्गात मुलं असं कधी अडवत नाहीत. ती लिहून घेतात.

मग मी दुसऱ्या बाजूनं गेले. त्यांना म्हटलं, आधी एवढं बघा की गुरुत्वाकर्षण किती दुबळं आहे. टाचणी जमिनीवर पडलेली असते, तिला अख्खी पृथ्वी खाली ओढत असते, आणि फ्रिजवरचं एवढंसं लोहचुंबक तिला उचलून घेतं. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यातली विद्युत ओढ त्यांच्यातल्या गुरुत्वाच्या ओढीहून किती जास्त आहे, हे लिहायला एकावर ३९ शून्यं द्यावी लागतात. तरी विश्वाच्या पसाऱ्यावर राज्य चालतं ते या दुबळ्याचं. विजेत धन असतं तसं ऋणही असतं, आणि मोठ्या गोष्टीत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. गुरुत्वाच्या वहीत फक्त जमेची बाजू आहे, नावे काही पडतच नाही. प्रत्येक कण भर घालतो. पुन्हा त्याला आडोसा नाही, मध्ये भिंत उभारून ते थांबवता येत नाही.

"ते मला माहीत आहे," मामा ओळंब्याकडे बघत म्हणाले. "डोंगराच्या पायथ्याशी ओळंबा किंचित डोंगराकडे झुकतो. स्कॉटलंडात १७७४ साली ते मोजूनच पृथ्वीचं वजन काढायचा प्रयत्न केला होता. आपल्याकडच्या सर्वेक्षणातही हिमालयानं ओळंबे ओढले होते. डोंगर कुणाला सोडत नाही. पण तू सुरुवातीचं सांग. सुरुवातीला डोंगर कुठे होता?"

हाच खरा प्रश्न आहे, आणि तो न्यूटनच्याही वाट्याला आला होता. रिचर्ड बेंटली नावाच्या धर्मोपदेशकानं १६९२ मध्ये त्याला पत्रं लिहून विचारलं होतं, की सगळं द्रव्य अवकाशात सारखं पसरलेलं असतं तर काय झालं असतं? न्यूटननं उत्तर पाठवलं ते आजही वाचावं असं आहे. जागा मर्यादित असती तर सगळं मध्यभागी कोसळून एकच गोळा झाला असता. ती अमर्याद असेल तर मात्र एकच मध्य असणार नाही. द्रव्य ठिकठिकाणी गोळा होईल, आणि तारे असेच झाले असतील. हाताशी दुर्बीण साधी आणि ताऱ्यांच्या अंतरांचा पत्ता नाही, अशा काळात त्यानं हे लिहिलं.

"पण अगदी सारखं पसरलेलं असेल तर?" मामांनी लगेच पकडलं. "चारी बाजूंनी ओढ सारखी. मग कण हलेल कुणीकडे?"

"कुणीकडेच नाही. थोडीतरी तफावत लागते."

"ती किती होती?"

ही तफावत मोजलेली आहे. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. जन्मानंतर पहिली ३ लाख ८० हजार वर्षं सगळीकडे तापलेला, धुक्यासारखा अपारदर्शक वायू होता. प्रकाश सुटायचा आणि दोन पावलांवर इलेक्ट्रॉनला धडकायचा. मग तापमान ३००० अंशांपर्यंत उतरलं, अणू बनले, धुकं विरलं आणि प्रकाश मोकळा झाला. तोच प्रकाश थंड होत होत आज केवलशून्याच्या वर पावणेतीन अंशांवर येऊन सगळीकडून आपल्याकडे येतो. पेन्झियास आणि विल्सन यांनी त्याचा शोध १९६५ मध्ये जाहीर केला. १९९२ मध्ये कोबी उपग्रहाच्या मोजणीतून त्यातली तफावत पहिल्यांदा दिसली, आणि पुढे प्लँक उपग्रहानं तिचा बारीक नकाशा काढला.

"एका लाखात एक," मी म्हटलं. "इथं किंचित दाट, तिथं किंचित विरळ. लाखात एकाचा फरक."

मामांनी डोळे मिटले. आकडा कानावर पडला की ते असं करतात. त्यांना तो धरणात ओतून बघायचा असतो. "कोयनेची भिंत १०३ मीटर उंच आहे. शंभर मीटर खोल पाणी धर. त्याचा लाखावा भाग..." डोळे उघडले. "एक मिलिमीटर."

"हो."

"शंभर मीटर पाण्यावर एक मिलिमीटरची लाट? बाई, एवढं शांत पाणी मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. पहाटे चार वाजता वारा पडलेला असतो तेव्हासुद्धा नाही."

आकडा मला वीस वर्षांपासून पाठ आहे. त्या रात्री मात्र तो डोळ्यांपुढे आला. पहाटेचं काळं पाणी, आणि त्यावर नखाच्या जाडीएवढी लाट. आकाशगंगा, मृगातला तेजोमेघ, आपला सूर्य, हे गाव, सगळं त्या लाटेत होतं.

"मग पुढे?" मामा सरसावून बसले. "ती लाट वाढली कशी?"

मी सांगितलं, जिथं किंचित जास्त द्रव्य तिथं ओढ किंचित जास्त. जास्त ओढ म्हणून आणखी द्रव्य येतं, आणि आणखी द्रव्य आलं म्हणून ओढ वाढते. सावकारी व्याजासारखं. पण त्याच वेळी विश्व पसरतही असतं, आणि पसरणं द्रव्याला पांगवतं. दोघांच्या ओढाताणीत हिशेब असा बसतो, की विश्व जितक्या पटींनी पसरतं, साधारण तितक्याच पटींनी ही तफावत वाढते.

"आणि तेव्हापासून किती पट पसरलं?"

"अकराशे पट."

पुन्हा डोळे मिटले. या वेळी उघडले तेव्हा चेहऱ्यावर साइटवर चूक सापडल्याचा भाव होता. "एक मिलिमीटर गुणिले अकराशे. सव्वा मीटरसुद्धा होत नाही. शंभर मीटर पाण्यावर हातभर लाट! तुझी दीर्घिका कुठे आहे त्यात? सगळं तर अजून पाण्यातच आहे. हिशेब लागत नाही तुझा."

मी अक्षरशः उठून उभी राहिले, कारण मामांनी अंधारात, बोटांवर, त्या कोड्याला हात घातला होता ज्यानं एका पिढीच्या खगोलशास्त्रज्ञांची झोप उडवली होती. सूर्याच्या आसपास आकाशगंगेची घनता विश्वाच्या सरासरीच्या दहा लाख पटींहून जास्त आहे. साध्या द्रव्याच्या आणि साध्या गुरुत्वाच्या भरवशावर १३८० कोटी वर्षांत ती तशी होऊच शकत नाही. वेळ पुरत नाही.

"मामा, तुमचा हिशेब बरोबर आहे. त्यात एक माणूस धरायचा राहिला."

"कोण?"

त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. त्याची पहिली चाहूल १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकीला लागली. अरुंधती केश नावाच्या तारकासमूहाच्या दिशेनं दीर्घिकांचा एक मोठा थवा आहे. त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगानं फिरत होत्या की दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीनं थवा एकत्र राहिलाच नसता. मग १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानीच्याच, म्हणजे मामांना न सापडलेल्या त्या ठिपक्याच्याच, कडेच्या वायूचा वेग मोजला. मध्यापासून लांब गेल्यावर वेग कमी व्हायला हवा होता, तो होईना. न दिसणारं काहीतरी ओढत होतं. आजच्या हिशेबात आपलं ओळखीचं द्रव्य विश्वाच्या फक्त ५ टक्के आहे आणि हे कृष्णद्रव्य २७ टक्के.

"बरं, आहे. पण त्यानं वेळेचा प्रश्न कसा सुटतो?"

"साध्या द्रव्याला त्या पहिल्या ३ लाख ८० हजार वर्षांत गोळा होता येत नव्हतं. खड्ड्यात पडायला गेलं की आतला प्रकाश त्याला दाबानं उधळून लावायचा. कृष्णद्रव्याचं प्रकाशाशी देणंघेणंच नाही. त्याला कुणी उधळलं नाही. ते आधीपासून गोळा होत राहिलं. धुकं विरलं तेव्हा त्याचे खड्डे खोल खणून तयार होते, आणि सुटं झालेलं साधं द्रव्य सरळ त्यांत उतरलं."

मामा क्षणभर गप्प होते. मग हसले. "म्हणजे आवर्तन सुटायच्या आधीच चाऱ्या खोदून ठेवलेल्या."

यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं, आणि आता मी वर्गातही हेच सांगते. पाणी सोडल्यावर चारी खोदायला घेतली तर शेत वाळतं. विश्वाच्या चाऱ्या प्रकाश बाहेर पडायच्या आधीच खणल्या गेल्या होत्या. गुरुत्वानं, अंधारात.

पण मामांनी मला फार वेळ त्या आनंदात राहू दिलं नाही. "तू आत्ता म्हणालीस, साधं द्रव्य पडायला गेलं की प्रकाश उधळून लावायचा. मग ते पुन्हा पडायला जायचं?"

"हो. पुन्हा पडायचं, पुन्हा उधळलं जायचं. लाटाच होत्या त्या. ध्वनीच्या लाटा."

"त्यांचं पुढे काय झालं?"

त्यांचा ठसा उरला, मला कबूल करावं लागलं. धुकं विरलं तेव्हा त्या लाटा जिथं होत्या तिथंच थिजल्या. आजही लाखो दीर्घिकांची एकमेकींपासूनची अंतरं मोजली तर सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिका अपेक्षेपेक्षा थोड्या जास्त सापडतात. २००५ मध्ये ते पहिल्यांदा नीट दिसलं. ती त्या जुन्या लाटेची लांबी आहे, विश्वाबरोबर ताणली गेलेली.

"बघ," मामा म्हणाले. "नुसतं ओढणं असतं तर खूण राहिली नसती. खूण उधळणाऱ्यानं ठेवली."

इथं मामांचा एक जुना सूर लागला. त्यांनी जयंत नारळीकरांची व्याख्यानं ऐकली आहेत, पुस्तकं वाचली आहेत, आणि २०२५ च्या मे महिन्यात सर गेले तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं त्यांनी दिवसभर रेडिओ लावला नव्हता. "नारळीकर सर तर सुरुवातच मानत नव्हते," ते म्हणाले. खरंच आहे. महास्फोट झाला हे नारळीकरांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. खगोलशास्त्रज्ञ हॉइल यांच्याबरोबर १९६४ मध्ये त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धान्त मांडला, आणि १९९३ मध्ये हॉइल व बर्बिज यांच्याबरोबर असं विश्व सुचवलं ज्यात द्रव्य अधूनमधून, ठिकठिकाणी निर्माण होत राहतं. सगळीकडून येणाऱ्या त्या थंड प्रकाशाचाही त्यांनी वेगळा अर्थ लावला होता: ताऱ्यांचाच प्रकाश लोखंडाच्या अतिसूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेला. मला ते पटत नाही, बहुतेकांना पटलं नाही, कारण त्या प्रकाशातली लाखात एकाची तफावत आणि ध्वनिलाटांचा ठसा महास्फोटाच्या हिशेबात जसा चपखल बसतो तसा तिथं बसत नाही. पण ज्या माणसानं आयुकासारखी संशोधनसंस्था उभी केली आणि तिथं स्वतःच्या मताविरुद्ध काम करणाऱ्यांना मुक्तपणे काम करू दिलं, त्याच्या शंकेचा मला आदर आहे. शंका काढणारा शेजारी असला की पुरावा नीट तपासला जातो. मामांनी आत्ता माझा हिशेब तपासला तसा.

वीज अजून आली नव्हती. मामींनी चहा आणून दिला, आणि चहानं वादाला नवं तोंड फोडलं.

"हा थंड होणार," मामा कप हातात धरून म्हणाले. "गरम वस्तू उष्णता सोडते आणि थंड होते. सगळं विश्व सुरुवातीला एकसारखं, आता एकीकडे धगधगता सूर्य आणि दुसरीकडे गोठलेला अंधार. हे उलट कसं झालं? चहा आपोआप एका बाजूला उकळायला आणि दुसऱ्या बाजूला गोठायला लागलाय असं कधी पाहिलंस?"

"गुरुत्वानं बांधलेली गोष्ट उष्णता सोडते तेव्हा जास्त तापते, मामा."

त्यांना ती थट्टा वाटली. मग मी उपग्रहाचं उदाहरण घेतलं. ३६ हजार किलोमीटरवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर जातो. ४०० किलोमीटरवरचं अवकाशस्थानक साडेसात किलोमीटरहून जास्त. वातावरणाचा थोडा वायू खालच्या उपग्रहाला घासतो, त्याची ऊर्जा हिरावून घेतो. ऊर्जा गेल्यावर तो मंदावेल असं आपल्याला वाटतं. तो खाली येतो आणि आणखी वेगानं धावायला लागतो. वायूच्या ढगाचंही तसंच. ढग प्रकाश बाहेर टाकतो, ऊर्जा गमावतो, आकसतो, आणि त्याचे कण आणखी वेगानं पळू लागतात. वेगानं पळणारे कण म्हणजेच तापमान. ऊर्जा देत देत तो तापत जातो. चहाच्या कपात गुरुत्व नगण्य असतं म्हणून चहा निवतो.

"म्हणजे एकदा आकसायला लागला की थांबणारच नाही," मामा हळूच म्हणाले.

"गाभ्यात दीड कोटी अंश होईपर्यंत नाही. मग हायड्रोजनचं हेलियम व्हायला लागतं. सूर्य पेटतो."

"आणि न पेटता तर?"

मला कळलं की मी पुन्हा त्यांच्या अंगणात आले आहे. पण आकडे सांगायलाच हवे होते. सूर्याच्या आतला दाब या क्षणी नाहीसा झाला तर सूर्य अर्ध्या तासात आपल्यातच कोसळेल. दाब आहे पण अणूंची भट्टी नाही असं झालं तर आकसत आकसत तो फार तर तीन कोटी वर्षं तळपेल. १९ व्या शतकात लॉर्ड केल्विननं असाच हिशेब मांडला होता आणि पृथ्वीचं वय त्यात बसेना म्हणून भूगर्भशास्त्रज्ञांशी त्याचा वाद झाला. भट्टी पेटली म्हणून सूर्याला सुमारे एक हजार कोटी वर्षं मिळाली. त्यातली ४६० कोटी सरली आहेत.

"अर्धा तास. तीन कोटी वर्षं. हजार कोटी वर्षं." मामांनी बोटं मोजली. "एकावर एक तीन बंधारे. या हजार कोटींतच शेवाळ झालं, मासे झाले, तू आणि मी झालो. गुरुत्वाचं चाललं असतं तर अर्ध्या तासात काम आटोपलं असतं. आता सांग, कुणी घडवलं?"

"पण पेटवलं कुणी?" मी सोडलं नाही. "हायड्रोजन थंड अवकाशात कितीही वर्षं पडून राहिला असता तरी पेटला नसता. त्याला दीड कोटी अंशांवर दुसरं कोण नेणार होतं? तुमचा बंधारा गुरुत्वानंच बांधून घेतला. चहातलं कॅल्शियम, रक्तातलं लोह, सगळं अशाच भट्ट्यांत शिजलं आणि मोठे तारे फुटले तेव्हा बाहेर पडलं."

"पण कोसळता कोसळता."

"हो, कोसळता कोसळता."

काही ठिकाणी तर बंधारा टिकतच नाही. १९३० मध्ये सुब्रमण्यन चंद्रशेखर नावाचा १९ वर्षांचा मुलगा मुंबईहून बोटीनं इंग्लंडला निघाला आणि समुद्रावरच त्यानं गणित मांडलं, की विझलेल्या ताऱ्याला इलेक्ट्रॉनांचा दाब एका मर्यादेपर्यंतच तोलून धरू शकतो. आज ती सूर्याच्या १.४ पट धरतात. त्यापुढे तारा आणखी कोसळतो. पुढे कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींनी १९५५ मध्ये एक समीकरण दिलं, ज्यातून गुरुत्व सगळ्या वाटा कशा एकत्र आणत जातं ते दिसतं; पेनरोझ आणि हॉकिंग यांचे सिद्धान्त त्याच पायावर उभे आहेत. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळतात तेव्हा अवकाशच थरथरतं. १४ सप्टेंबर २०१५ ला ती थरथर पहिल्यांदा पकडली गेली, आणि ती पकडणारं एक यंत्र आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणार आहे, दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर. मामांनी त्याच्या पायाबद्दल इतके प्रश्न विचारले की ते सगळे इथं लिहायचे तर वेगळा लेख होईल.

मला त्या रात्रीचं जास्त आठवतं ते खोडदचं बोलणं. मामांनी ती दुर्बीण उभी राहताना पाहिली आहे. तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. एवढं मोठं भांडं भरीव पत्र्याचं केलं असतं तर वाऱ्यानं उलथलं असतं. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी ती बारीक तारेच्या जाळीची केली, दोरखंडांवर ताणून, म्हणजे वारा आरपार जातो आणि सांगाडा हलका राहतो. "वजन कमी करून जिंकलेलं बांधकाम," मामा म्हणतात, आणि यात त्यांना व्यवसायबंधूचा अभिमान असतो.

"त्याच तबकड्यांनी काय पाहिलं माहीत आहे?" मी विचारलं. हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटरच्या लहरी सोडतो, फार क्षीण. लांबच्या एकेकट्या दीर्घिकेच्या त्या लहरी पकडणं जवळपास अशक्य. २०२३ मध्ये अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी खोडदच्या दुर्बिणीनं अशा एका दीर्घिकेच्या लहरी टिपल्या, ज्या ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाल्या होत्या. शक्य कसं झालं? वाटेत दुसरी एक दीर्घिका होती. तिच्या गुरुत्वानं त्या लहरी वळवून, एकवटून, सुमारे तीस पट ठळक केल्या. भिंगासारख्या.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. "म्हणजे ते दाखवतंसुद्धा," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी बोलणं शेवटाकडे वळवलं. "आणि शेवट? सगळं एका ढिगात?"

"नाही. १९९८ मध्ये कळलं, की विश्वाचं पसरणं मंदावत नाहीये, वेग घेतंय. पाच-सहाशे कोटी वर्षांपासून. ज्याच्यामुळे होतं त्याला कृष्णऊर्जा म्हणतात, आणि विश्वाचा ६८ टक्के हिस्सा तिचा आहे. आता नवे मोठे समूह जमणं अवघड होत चाललंय. या भाद्रपदांच्या खालीच, मीन राशीच्या दिशेला, पुण्याच्या शास्त्रज्ञांच्या चमूनं २०१७ मध्ये दीर्घिकांचा एक महासमूह शोधला, सरस्वती नाव दिलं. साठ कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. असे महासमूह सगळेच्या सगळे बांधलेले राहत नाहीत. कडेच्या दीर्घिका पसरण्याबरोबर दूर जातील."

मला वाटलं मामांना हे आवडेल. शेवटी अडवणारा जिंकला. पण ते अस्वस्थ झाले. ओळंबा हलत होता, त्यांनी तो हातानं धरून थांबवला.

"एवढा मोठा बंधारा बरा नाही," ते म्हणाले. "पाणी यायचंच बंद होईल."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आपल्यातून काय काय उरेल?"

"जे आधीच बांधलं गेलंय ते. पृथ्वी, सूर्य, आकाशगंगा. आणि देवयानी. बाकी बहुतेक सगळ्या दीर्घिका आपल्यापासून लांब चालल्यात, ही आपल्याकडे येतेय. २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. सेकंदाला ११० किलोमीटर."

"आपल्याकडे?"

"आपल्याकडे."

ते उठले, कठड्याला टेकले आणि पुन्हा तो चौकोन शोधला. मी मागून सांगत गेले. कोपऱ्यापासून ओळीनं पुढे, ठळक ताऱ्यापाशी थांबा, तिथून वर दोन मंद तारे. आता तिथं बघू नका. किंचित बाजूला बघा. डोळ्याच्या कडेनं. पुसट गोष्टी कडेनं जास्त दिसतात.

"चांगल्या डोळ्यानं बघू?"

"दोन्ही उघडे ठेवा."

बराच वेळ गेला. खाली कुणाचा तरी पंप सुरू झाला, म्हणजे वीज आली होती. मामींनी गच्चीचा दिवा लावायला बटणाकडे हात नेला तसे मामा वळून न बघताच म्हणाले, "राहू दे. राहू दे जरा. दिसतंय काहीतरी."